लहान भागधारक आणि विश्वस्तधर्म

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी उधन्याहून एक वृद्ध गृहस्थ संस्थेच्या कार्यालयात आले. हे आमचे जुने स्नेही. मूळ गाव खानदेशातले. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून सारी उमर गेली. आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत जुने पिवळे पडलेले कागद होते. कागद आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, ही कंपनी जित्ती आहे का मेली, तेवढं सांगा."

ते कागद म्हणजे १९९५ साली घेतलेल्या शंभर भागांचे प्रमाणपत्र होते. त्याला जोडलेल्या अर्जाच्या पावतीवरचे हस्ताक्षर आम्ही ओळखले. ते आमचेच होते. त्या वर्षी वर्तमानपत्रांतील मोठ्या जाहिराती पाहून आम्ही स्वतः त्या कंपनीत दहा हजार रुपये गुंतविले होते आणि ज्यांना इंग्रजी अर्ज भरता येत नसे अशा चार ओळखीच्यांचे अर्जही भरून दिले होते. दोन वर्षांनी आमचे रजिस्टर पत्र 'या पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आले. आमचा तोटा आम्ही गिळला. परंतु त्या चौघांना आम्ही ती गोष्ट आपण होऊन कधी सांगितली नाही. लाज वाटली, हेच खरे कारण. संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते राहिलेले सांगणे आज पुरे करावे, असे आम्ही योजिले आहे.

भाग म्हणजे काय?

प्रथम एक साधी गोष्ट स्पष्ट करू. बँकेत पैसे ठेवणारा हा बँकेचा धनको असतो. कंपनीचा भाग घेणारा हा मात्र कंपनीचा धनको नव्हे. तो तिच्या मालकीतील वाटेकरी होय. नफा झाला तर लाभांश मिळेल; न झाला तर काही मिळणार नाही. कंपनी बुडाली तर आधी कामगारांची देणी, कर्ज देणारे, सरकार, आणि सर्वांत शेवटी भागधारक, असा क्रम २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने घालून दिला आहे. बहुतेक वेळा भागधारकाची पाळी येईपर्यंत ताट रिकामे झालेले असते. २०२१ साली दिवाण हाउसिंग फायनान्स ही मोठी गृहकर्ज कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली, तेव्हा जुन्या भागांचे मूल्य शून्य धरण्यात आले.

हा धोका भाग घेणाराने पत्करलेलाच असतो. त्याबद्दल तक्रार करता येत नाही. तक्रार आहे ती निराळी. धंदा बुडणे वेगळे आणि धंद्याच्या नावाखाली पैसा पळविणे वेगळे. पहिले नशीब, दुसरी लबाडी. लहान भागधारकाचे दुःख असे की, दूर बसून त्याला या दोहोंतला फरक कळत नाही. आणि कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सुरतेच्या सुपुत्राची कथा

हा प्रकार आजचा नाही. शेअरबाजाराच्या इतिहासातील पहिले मोठे नाव आपल्या सुरतेचेच आहे. प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेत झाला. पुढे मुंबईत ते कापसाचे आणि शेअरांचे सर्वांत मोठे व्यापारी झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या भागाचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकविण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणारे हात वर करून बसले. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग एकदा २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकण्याची वेळ आली.

या बँकेची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल केली. शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली आणि बँकेच्या सूत्रधारांनी ओळखीपाळखीवर लाखो रुपये वाटले. बँक बुडाल्यावर १८६८ साली चौकशी आयोग बसला. बैल गेला आणि झोपा केला! प्रेमचंदांचे वैभवही ओसरले. मात्र त्यांनी वैभवाच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला आणि तो आजही उभा आहे. भाव उतरले, कंपन्या गेल्या. जे दान दिले होते तेवढे उरले.

दुखणे तेच, नावे निराळी

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, तरी दुखणे गेले नाही. १९५७ साली नव्यानेच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे भाग घेतले. हा पैसा विमेदारांचा, म्हणजे लहान माणसांचाच होता. फिरोज गांधी यांनी लोकसभेत प्रश्न लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. ती चौकशी झटपट आणि लोकांसमक्ष झाली, हे तिचे वैशिष्ट्य होते. दुर्दैवाने तसे पुढे क्वचितच घडले.

१९९२ साली हर्षद मेहता प्रकरण झाले. त्याच वर्षी भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण उठले आणि सेबीला कायद्याचा अधिकार मिळाला. परंतु सेबीचे पाय स्थिर होण्याआधीच नव्या कंपन्यांचे पीक आले. १९९४-९५ या एका वर्षात हजाराहून अधिक कंपन्या जनतेकडे भांडवल मागावयास आल्या. त्यांतील कित्येक पैसे गोळा करून नाहीशा झाल्या. पुढे सरकारनेच दोनशेहून अधिक कंपन्यांची 'बेपत्ता' म्हणून नोंद केली. आमची आणि आप्पांची कंपनी याच पिकातली.

२००१ च्या मार्चमध्ये केतन पारेख प्रकरणात अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडचणीत आली आणि गुजरातेतील अनेक लहान सहकारी बँकांच्या ठेवीदारांची झोप उडाली. त्याच वर्षी २ जुलैला युनिट ट्रस्टने आपल्या प्रसिद्ध १९६४ च्या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविली. निवृत्तांच्या घरोघर ही योजना बँकेइतकीच सुरक्षित मानली जात असे. अखेर लहान धारकांना तीन हजार युनिटांपर्यंत परतफेडीची सवलत द्यावी लागली.

२००९ च्या ७ जानेवारीस सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, वहीत दाखविलेल्या ५,३६१ कोटींच्या रोकड व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. नामांकित हिशेबतपासनिसांची सही त्या ताळेबंदावर होती. याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी त्या कंपनीचे रोखे अमेरिकेच्या बाजारात घेतले होते, त्यांनी तेथे एकत्र दावा केला आणि २०११ साली कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलरांची तडजोड मिळविली. त्याच कंपनीचा भाग मुंबईच्या बाजारात घेणाऱ्या आपल्या माणसाला असा दावा करण्याचा कायदाच नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्यात तो आला. कलम २४५ प्रमाणे आता भागधारकांना एकत्र येऊन न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

दाद कोठे मागावी?

आज सेबीचे 'स्कोअर्स' नावाचे तक्रार खाते आहे. ते २०११ पासून चालू आहे आणि आता कंपनीने २१ दिवसांत तक्रार निवारावी असा नियम आहे. लाभांश न मिळणे, भाग नावावर न होणे, दलालाने हिशेब न देणे, अशा तक्रारींना त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु बेपत्ता झालेल्या किंवा दिवाळखोरीत निघालेल्या कंपन्यांच्या तक्रारी तेथे घेतल्या जात नाहीत. म्हणजे ताप आलेल्याला औषध आहे, मेलेल्याला नाही. म्हणून आधीच जपणे हाच खरा उपाय होय. आमच्या अनुभवातून आणि वरील इतिहासातून निघणारे काही धडे येथे देतो.

पहिला धडा असा की, संसाराला लागणारा पैसा भागांत घालू नये. लग्न, शिक्षण, दुखणे यांची रक्कम पोस्टात किंवा चांगल्या बँकेत ठेवावी. बँक बुडाली तरी प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा आहे. भागाला असा विमा नाही.

दुसरा धडा: माहितीपत्रकात कंपनी काय करणार हे वाचण्याआधी ती कोण चालविणार हे वाचावे. चालकांनी स्वतःचे किती घातले आहे, त्यांचे भाग गहाण आहेत काय, कंपनीचा पैसा त्यांच्याच नात्यातील दुसऱ्या कंपनीकडे जातो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. हिशेबतपासनीस मुदतीआधी सोडून गेला तर सावध व्हावे.

तिसरा धडा तरुणांसाठी आहे. आता भाग विकत न घेता नुसत्या भावावर मोबाइलवरून मुदतीचे सौदे करण्याची चटक लागली आहे. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे आधीच्या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींवर गेला. १८६५ चा जुलै आता रोजच येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

चौथा धडा: घरातील जुने कागद आजच काढून पाहावेत. एप्रिल २०१९ पासून कागदी भागांचे हस्तांतर बंद झाले आहे. ते डिमॅट करून घ्यावे लागतात. सात वर्षे लाभांश उचलला नाही तर लाभांशासह भागही सरकारी निधीत जमा होतात. अर्ज केल्यास ते परत मिळतात, पण वारसाला ठाऊक असेल तरच! म्हणून वारसाचे नाव लावावे आणि घरातील स्त्रियांना सर्व कागद दाखवून ठेवावेत.

पाचवा आणि शेवटचा धडा आम्हास फार महाग पडला. स्वतःला न समजलेल्या गोष्टीत दुसऱ्याला नेऊ नये. शिकलेल्या माणसाने भरून दिलेला अर्ज न शिकलेल्या माणसाला हमीपत्रासारखा वाटतो.

विश्वस्तधर्म

आपल्या संस्थेचा पैसा कसा ठेवावा हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३५ व्या कलमाने सांगितले आहे. बँक, पोस्ट, सरकारी रोखे, अशी त्याची ठराविक ठिकाणे आहेत. विश्वस्ताला वाटले म्हणून शिष्यवृत्तीचा निधी बाजारात लावता येत नाही. कारण तो पैसा त्याचा नाही. कंपनीचा संचालकही असाच परक्याच्या पैशाचा राखणदार असतो. त्याच्या वहीतील प्रत्येक रुपयामागे कोणाची तरी पिशवी असते. हे तो विसरतो तेव्हा कायदा त्याला पकडीपर्यंत वर्षे लोटतात. आपल्या लहान संस्थेने इतकी वर्षे जो हिशेब दर सभेत वाचून दाखविला, त्याची किंमत अशा वेळी कळते.

आप्पांची कंपनी आम्ही सरकारी नोंदवहीत शोधली. नाव नोंदणीतून खोडले गेले होते. तसे आम्ही त्यांना सांगितले आणि तीस वर्षांपूर्वीची ती गोष्टही सांगितली. आप्पा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्ज तुम्ही भरला, पण पैसे मीच दिले ना, गुरुजी." आणि प्रमाणपत्राची घडी करून त्यांनी ते पुन्हा पिशवीत ठेवले. नातू मोबाइलवर सौदे करतो, त्याला दाखवायचे आहे, असे ते म्हणाले.

ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी रविवारी सकाळी ते घेऊन कार्यालयात यावे. जिवंत कोणते, मेलेले कोणते, हे आपण मिळून पाहू.