यंत्राचा निरोप वाचावा कसा?

परीक्षेचा निकाल पाहावयास बसावें आणि संगणकाच्या पडद्यावर गुणांऐवजीं अगम्य अक्षरांची व आंकड्यांची एक ओळ उमटावी, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. आपण ती ओळ न वाचतांच पुसून टाकतों व पुन्हां कळ दाबतों. घरच्या संगणकाचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या मोठ्या सर्व्हरवर बँकांचे हिशेब व कारखान्यांच्या नोंदी चालतात, त्याची देखरेख करणाऱ्यानें असेंच केलें, तर हजारों लोकांचा खोळंबा होतो. म्हणून अशा यंत्राचा निरोप कसा वाचावा, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम हीं यंत्रें कशीं असतात तें पाहूं. जुन्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडें राहत. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळें. परंतु विहीर, छप्पर व दिंडीदरवाजा सर्वांचा एकच. मोठ्या सर्व्हरचेंही तसेंच आहे. त्यांतील प्रोसेसर, स्मृति व जोडसाधनें यांची वांटणी करून एका यंत्राचीं अनेक पार्टिशनें करितात. प्रत्येक पार्टिशन आपल्यापुरतें स्वतंत्र संगणकच असतें. एक बंद पडलें तरी शेजारचें चालूं राहतें. ही वांटणी राखणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर म्हणतात. शिवाय मुख्य यंत्र बंद असतांही जागा राहणारा एक लहानसा पहारेकरी आंत असतो. त्याचें नांव सर्व्हिस प्रोसेसर.

ही युक्ति आजची नव्हे. आय.बी.एम. कंपनीच्या व्हीएम/३७० या प्रणालीनें १९७२ सालींच एका यंत्रावर अनेक यंत्रें चालत असल्यासारखी व्यवस्था केली होती. पुढें सन कंपनीच्या १९९७ सालच्या एंटरप्राइझ १०००० या यंत्रांत व एचपी कंपनीच्या २००० सालच्या सुपरडोम या यंत्रांत भाग पाडण्याची सोय झाली. आय.बी.एम.चें पी-६९० हें यंत्र २००१ सालीं निघालें. त्यांत बत्तीसपर्यंत प्रोसेसर बसत आणि त्याचीं सोळा पार्टिशनें करितां येत.

आतां निरोपाकडे वळूं. आय.बी.एम.च्या पॉवर जातीच्या यंत्रांचें उदाहरण घेऊं. त्यांच्या निरोपांत आठ चिन्हांचा एक संकेत असतो. पुष्कळ संकेतांत पहिलें अक्षर निरोपाचा प्रकार सांगतें. ‘ए’ म्हणजे इकडे लक्ष द्या; ‘बी’ म्हणजे चूक घडली आहे; ‘सी’ म्हणजे काम चालूं आहे. दुसरें चिन्ह बोलणारा कोण तें सांगतें. ‘बी-१’ असल्यास सर्व्हिस प्रोसेसर बोलत आहे. ‘बी-७’ असल्यास हायपरव्हायजर. ‘बी-२’ असल्यास गोष्ट एखाद्या पार्टिशनची आहे. आणि ‘बी-ए’ असल्यास पार्टिशनला जागें करणारी प्राथमिक आज्ञावली बोलत आहे. म्हणजे पहिल्या दोन चिन्हांतच वाड्याचा पहारेकरी ओरडतो आहे कीं एखाद्या बिऱ्हाडांतून हांक आली आहे, हें कळतें. नवशिका मनुष्य ‘सी’चा संकेत पाहूनही घाबरतो, वास्तविक पार्टिशन तेव्हां नुसतें सुरू होत असतें. मात्र तोच संकेत बराच वेळ हलला नाहीं, तर त्या पायरीवर कांहीं अडलें आहे असें समजावें.

एक उदाहरण पाहूं. यंत्र उत्तम चाललें आहे, चार पार्टिशनें काम करीत आहेत, पण पांचवें सुरूच होत नाहीं. प्रत्येक पार्टिशनची एक मागणीपत्रिका असते. तींत स्मृति व प्रोसेसर किमान किती, इष्ट किती व कमाल किती, हें लिहिलेलें असतें. इष्ट तेवढें न मिळाल्यास थोडक्यांत भागतें. परंतु किमान तेवढेंही शिल्लक नसेल, तर पार्टिशन सुरू होत नाहीं. तसेंच एखादें जोडसाधन ‘अत्यावश्यक’ म्हणून नोंदलें असेल आणि तें शेजारच्या चालू पार्टिशनकडे असेल, तरीही तोच परिणाम होतो. येथें मोडलें असें कांहींच नाहीं. तें साधन शेजाऱ्याकडून सोडवून घेणें, किंवा त्याची खरोखर गरज नसल्यास पत्रिका दुरुस्त करणें, एवढाच उपाय. पण निरोप न वाचतां कोणी सगळें यंत्रच बंद करून पुन्हां चालूं केलें, तर निरोगी चार पार्टिशनांवरील कामें विनाकारण थांबतात, आणि वांटणीचें भांडण जेथल्या तेथेंच राहतें.

याच्या उलट, अनेक पार्टिशनांनीं एकाच वेळीं आपली डिस्क सांपडत नसल्याची तक्रार केली, तर प्रत्येकाची डिस्क वेगवेगळी तपासणें व्यर्थ होय. सर्वांस डिस्क पुरविणारा जो सामाईक भाग, तेथें आधीं पाहावें. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांस ही रीति सहज पटेल. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें येथें खडकी शहर वसविलें व नहर-ए-अंबरी बांधून त्यास पाणी पुरविलें. अशा नहरेच्या एकाच हौदास पाणी येईना, तर दोष त्या हौदाच्या फांट्यांत. सर्वच हौद कोरडे पडले, तर दोष उगमाकडे. रेल्वेच्या आरक्षणासही हाच नियम लागू पडतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील पांच आरक्षण-केंद्रें १९९९ सालीं परस्परांशीं जोडलीं गेलीं. स्थानकावरील एकच खिडकी अडली तर दोष खिडकीपाशीं शोधावा; अनेक गांवच्या खिडक्या एकदम अडल्या तर दूरच्या केंद्राकडे पाहावें.

यावरून देखरेख करणाऱ्यानें चार गोष्टी पाळाव्या. पहिली, निरोप पुसण्यापूर्वीं तो वेळेसह अक्षरशः उतरून घ्यावा. कारण एक अंक चुकला तरी अर्थ बदलतो. दुसरी, बोलणारा कोण, हें ओळखावें. तिसरी, शेजारचीं पार्टिशनें सुखरूप आहेत कीं नाहींत, हें पाहावें. चौथी, अलीकडे काय बदललें याची चौकशी करावी. कालपर्यंत चालणारें आज अडलें, तर मध्यें बहुधा कोणीतरी कांहीं बदललेलें असतें. इतकें झाल्यावर, जो उपाय सर्वांत कमी लोकांस त्रास देईल तो आधीं करावा. सगळें यंत्र बंद करणें हा शेवटचा उपाय होय.

आपणांपैकीं कांहीं जण पुढें अशा यंत्रांवर कामें करतील. त्याचा अभ्यास आजपासूनच करितां येईल. घरच्या संगणकावर पुढच्या खेपेस अशी ओळ उमटली, तर ती पुसण्यापूर्वीं वहींत उतरून घ्या, आणि ती कोणाकडून आली आहे, एवढें आधीं शोधून पाहा.