आज्ञा लिहिण्याचा पहिला धडा

२०२० सालीं निघालेली सुपाबेस ही माहिती सांठविण्याची व्यवस्था लेखी आज्ञांनींही चालवितां येते. आपण आंब्याच्या पेट्यांची हिशेबवही करूं. सुपाबेसचें आज्ञासाधन व डॉकर हा साहाय्यक कार्यक्रम संगणकावर असावेत. ‘सुपाबेस इनिट’ या आज्ञेनें कामाची मांडणी होते. ‘सुपाबेस स्टार्ट’नें सर्व व्यवस्था आपल्याच यंत्रावर उभी राहते. कोष्टकांच्या रचनेंतील प्रत्येक फेरफार ‘मायग्रेशन’ नांवाच्या टिपणांत लिहावा. ‘सुपाबेस डीबी रीसेट’ म्हणतांच घरची वही कोरी होऊन ते फेरफार क्रमानें पुन्हां घडतात. चूक येथेंच दिसते. ‘सुपाबेस लिंक’नें जोडून ‘सुपाबेस डीबी पुश’ केल्यावर मात्र फेरफार दूरच्या खऱ्या वहींत उतरतो, आणि तेथें बागाईतदाराचा वर्षाचा हिशेब असतो. आमचें सांगणें एवढेंच: चुकावयाचें तें घरींच चुकावें.