शंका-समाधान : वाहिनी वळते का, आणि कुठून जाते

नवी २२० केव्ही वाहिनी रेल्वे रुळाच्या कडेने सरळ का नेत नाहीत? वस्तीत तरी ती जमिनीखालून का जात नाही?
(एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

हौसेने वळण कोणी घेत नाही. मार्ग आखताना दोन उपकेंद्रांमध्ये आधी सरळ रेघच ओढली जाते, कारण प्रत्येक वळण महाग पडते. पुढच्या वेळी वाहिनीखालून जाताना मान वर करून पाहा. सरळ ओळीतल्या मनोऱ्यावर इन्सुलेटरच्या माळा उभ्या लोंबतात. तो मुख्यतः तारांचे वजन पेलतो. वळणावर त्याच माळा आडव्या ताणलेल्या दिसतील. तिथे मनोऱ्याला तारांची ओढही सोसावी लागते. दोन अंशांपर्यंत साधा मनोरा चालतो, पुढे पंधरा, तीस, साठ अंशांसाठी लोखंड आणि पाया वाढतच जातो. आपल्याकडच्या काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत तर पाया आणखी जपून करावा लागतो.

तरीही वळावे लागते, ते अडथळ्यांमुळे. मनीषनगरलगत रेल्वेमार्ग आहे, त्यापलीकडे वर्धा मार्गावर मेट्रो आणि दुमजली उड्डाणपूल, त्याही पुढे सोनेगावचे विमानतळ. विमानतळाजवळ मनोऱ्याच्या उंचीला मर्यादा आणि प्राधिकरणाचे ना-हरकत लागते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे असतात. रुळाला समांतर वाहिनी लांबवर नेली तर सिग्नल आणि दूरसंचाराच्या तारांत प्रवर्तनाने व्होल्टेज येते, म्हणून तुमची सूचना सोपी दिसली तरी अडचणीची आहे. शिवाय २२० केव्हीला सुमारे ३५ मीटर रुंदीचा मोकळा पट्टा लागतो. १३२ केव्हीला २७ मीटर. ले-आउटच्या रस्त्यात तो मावत नाही.

भूमिगत केबलचा खर्च उघड्या तारेच्या कित्येक पट असतो. बिघाड शोधून जोड करायला वेळ लागतो, आणि अंतर वाढले की केबल स्वतःच भारित होण्यात प्रवाह खाते. म्हणून शेकडो किलोमीटर ती कोणी टाकत नाही. पण दाट वस्तीतल्या शेवटच्या टप्प्यापुरती तिची मागणी मला रास्तच वाटते. ती मार्ग ठरण्याआधी करायला हवी. मनोरे उभे राहिल्यावर ती सहसा ऐकली जात नाही.

घराशेजारून १३२ केव्हीची वाहिनी जाते. गच्चीवरून तार बरीच लांब दिसते. वर एक मजला चढवू का?
(एक गृहस्थ, बेसा)

डोळ्यांच्या अंदाजावर नका चढवू. थंडीतल्या सकाळी दिसणारी तार आणि मे महिन्यातल्या दुपारची तार एका जागी नसते. नागपूरचे ऊन आणि वाढलेला भार यांनी ती तापते, लांबते आणि झोळ खाली येतो. वाऱ्याने ती बाजूलाही झुलते. नियमातले अंतर हा सर्वाधिक झोळ आणि झोका धरूनच मोजायचे असते : १३२ केव्हीला इमारतीच्या वर किमान ४.६ मीटर आणि बाजूने २.९ मीटर. या दाबाला तारेला हात लागण्याचीही गरज नसते, लोखंडी सळई जवळ नेली तरी ठिणगी उडी घेते. २०१७ मध्ये सुगतनगरात उच्चदाब वाहिनीने दोन जुळ्या भावांचा जीव घेतला. आधी महापारेषणला लेखी विचारा, मग नकाशा मंजुरीला द्या.

गावाकडच्या शेतात मनोरा येणार असे कळले. जमीन जाईल का? मोबदला किती?
(एक वाचक, मनीषनगर)

जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार वापरून फक्त वापराचा हक्क घेतला जातो. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सांगितला आहे. मार्च २०२५ च्या सूचनांत पट्ट्याचा दर नगरपालिका हद्दीत ४५, तर महापालिका व महानगर क्षेत्रात ६० टक्के आहे. राज्याने आपल्या निर्णयाने हे लागू करायचे असते, म्हणून तुमच्या वाहिनीला कोणता शासन निर्णय लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. पिकांची आणि झाडांची भरपाई वेगळी मिळते. रकमेवर वाद असेल तर दाद जिल्हा न्यायाधीशांकडे मागायची.

वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत मार्गावरच्या गावांची नावे असतात. आपले गाव दिसले की मुदतीत लेखी आक्षेप द्या. गट क्रमांक, विहीर, बोअर, संत्र्याची झाडे आणि घर नकाशावर दाखवा, आणि मनोरा बांधाकडे सरकवता येईल का ते विचारा. अर्जाची पोच न विसरता घ्या.