तोतोरोच्या सावल्या

'माय नेबर तोतोरो' संपला आणि रूममेट म्हणाला, "माहितीये का, त्या दोघी पोरी मेलेल्या असतात!" माझी झोपच उडाली. मग बसलो पुरावे तपासत.

हायाओ मियाझाकींचा हा जपानी चित्रपट १९८८ चा. थिअरी अशी की तोतोरो म्हणजे मृत्युदेव, आणि कथा १९६३ च्या मे महिन्यात सायामा इथे झालेल्या शाळकरी मुलीच्या खुनावर बेतलेली. पुरावे? सात्सुकी आणि मेई, दोन्ही नावं मे महिन्याचीच. तळ्यात सापडलेली चप्पल. शेवटी शेवटी पोरींच्या सावल्या गायब!

आता बघा. मियाझाकींच्या डोक्यात आधी एकच मुलगी होती, तिच्या पुढे दोन बहिणी झाल्या, नावं जुळणारच. चप्पल मेईची नाही हे सात्सुकी स्वतःच सांगते. सावल्यांची गरज वाटली नाही म्हणून त्या रंगवल्या नाहीत, असं घिब्ली स्टुडिओने २००७ मध्ये स्पष्ट केलं. शेवटच्या नामावलीत आई घरी येते, ते मात्र कुणी बघत नाही (तोवर आपण मेसला पळालेलो असतो म्हणा). प्रॅक्टिकलला ग्राफवर न बसणारे पॉइंट आपण खोडतो, तोच प्रकार.

राग आला तो वेगळाच. एका खऱ्या मुलीचा खून इथे मसाल्यासारखा वापरलाय. आणि चित्रपटात भीती आहेच की! आई दवाखान्यात, तिचं घरी येणं लांबलेलं, आणि रोज सगळ्यांचे डबे करणारी सात्सुकी एकदम रडायला लागते, आई मेली तर? मियाझाकींची आईही क्षयाने कित्येक वर्षं आजारी होती.

तो सीन पुन्हा लावला. रूममेट गप्प बसून बघत होता.