नाजूक काट्याचा राखणदार : मूव्हिंग कॉइल रिले



ऐन गळितात गव्हाण थांबली की यार्डातल्या गाडीवानाचा जीव खालीवर होतो. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा उतरतो. अशा वेळी कोणी सांगितले की, "मशीन ठीक चालले होते, पण पॅनेलवर एक दिवा लागला म्हणून टर्बाईन थांबवले," तर राग येणारच. म्हणून त्या दिव्यामागे बसलेल्या यंत्राची ओळख आज करून घेऊ.

वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये मधोमध रोटर फिरतो. त्याच्या तांब्याच्या गुंडाळीत डीसी करंट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट सोडला की रोटर लोहचुंबक बनतो. ही गुंडाळी रोटरच्या लोखंडापासून, म्हणजेच अर्थपासून, इन्सुलेशनने अलग ठेवलेली असते. ते इन्सुलेशन एका जागी फुटले तर काय होते? काहीच नाही! करंटला परत यायला वाट नसते, त्यामुळे मशीन पहिल्यासारखेच चालते. खरा धोका इथेच आहे. दुसऱ्या जागी फुटले, की करंट लोखंडातून आडवाटेने जातो आणि मधले वेढे कामातून सुटतात. चुंबकाची एक बाजू ढिली पडते. जोडीतला एक बैल ओढतो नि दुसरा जू टाकतो, तशी गत. चार ध्रुवांचा रोटर मिनिटाला १५०० फेरे घेत असतो. तो एकीकडे ओढला जाऊन थरथरू लागला तर बेअरिंग जाते, लोखंडही जळते. मग ते काम चालू हंगामात आवरत नाही.

तेव्हा पहिल्याच फुटीची बातमी मिळायला हवी. त्यासाठी गुंडाळी आणि अर्थ यांच्यामध्ये थोडा डीसी दाब लावून ठेवतात आणि त्याच वाटेत रिले बसवतात. दाबाची बाजू अशी धरतात की गळती गुंडाळीत कुठेही झाली तरी रिलेतून करंट एकाच दिशेने जावा. हा करंट अँपिअरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासचा. फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधली कॉइल आपण पाहतो. ती लोखंडी पट्टी खेचते, पण तिला चांगला दणकट करंट लागतो.

मूव्हिंग कॉइल रिलेत उलटे आहे. इथे लोहचुंबक कायमचा आणि जागच्या जागी, हलते ती कॉइल. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये मऊ लोखंडाचा गोल तुकडा असतो. त्याच्याभोवती अगदी बारीक तारेची कॉइल हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर गुंडाळून, घड्याळाच्या चाकासारखी टोकदार आसावर तोललेली. करंट आला की कॉइलला पीळ बसतो. करंट दुप्पट, तर पीळही दुप्पट. केसासारख्या दोन स्प्रिंगा तिला मागे ओढतात, आणि करंट आत-बाहेर नेण्याचे कामही त्याच करतात. पीळ स्प्रिंगेवर मात करतो तेव्हा काटा सरकून संपर्काला टेकतो. अ‍ॅल्युमिनियमची चौकट चुंबकात फिरताना तिच्यातच करंट उपजतो आणि ब्रेक लागतो, म्हणून काटा झोपाळ्यासारखा हेलकावत नाही. १८८२ साली फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल यांनी पुढे आणलेल्या मोजयंत्राचीच ही रचना. डीसी अँपिअर मीटरमध्येही तीच असते.

या रिलेला दिशा कळते. करंट उलटा आला तर काटा उलट बाजूला जातो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. तिथे कॉइल एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलली जाते आणि जागीच राहते. म्हणूनच हा रिले डीसीच्याच कामाचा.

काट्याचा संपर्क मात्र फार नाजूक. जड करंट त्याने तोडायला गेलो तर तो जळून चिकटेल. म्हणून तो फक्त दुसऱ्या, दांडग्या रिलेला जागा करतो आणि तो भोंगा वाजवतो. बगॅसची धूळ आत गेली तरी काटा अडकतो. काचेची पेटी सहसा उघडू देत नाहीत, ते याचसाठी. अलीकडच्या पॅनेलवर हेच काम इलेक्ट्रॉनिक रिले करतात, पण जुन्या पॅनेलवर काटा आजही दिसतो.

भोंगा वाजला म्हणजे लगेच मिल बंद, असे नाही. कित्येकदा दोष स्लिप रिंगवर साचलेल्या कार्बन ब्रशच्या भुकटीचा निघतो आणि साफसफाईने भागते. तसे नसेल, तरी शेतकी खात्याला टोळ्यांपर्यंत निरोप पोचवायला वेळ मिळतो. उभा ऊस दोन दिवस थांबू शकतो, तोडून पडलेला थांबत नाही.