मराठीच्या वाटेने इटालियनकडे
(द्वितीय वर्ष, कला)

इटालियन भाषा शिकते आहे असे कोणाला सांगितले की बहुधा दोन प्रश्न पुढे येतात. पहिला, "त्याचा उपयोग काय?" आणि दुसरा, "आधी इंग्रजी तर धड येऊ दे!" पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्यापुरते शोधावे. दुसरा प्रश्न मात्र आपणां सर्वांचा आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींनी जगातील कोणत्याही भाषेकडे जायचे तर इंग्रजीच्याच दारातून गेले पाहिजे, असे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते. पाटी अगदी कोरी असताना इटालियन शिकू लागल्यावर हे गृहीत मला पदोपदी तपासून पाहता आले. त्या तपासणीतून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका फ्लॉरेन्सवासीयाची पत्रे

इटालियन आणि आपल्या भाषा यांचे नाते पहिल्यांदा लक्षात आले ते कोणा पंडिताच्या नव्हे, तर एका व्यापाऱ्याच्या. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्स शहराचा रहिवासी. जन्म १५४० चा. १५८३ मध्ये तो हिंदुस्थानात आला, कोचीन व गोवा येथे राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. येथून मायदेशी लिहिलेल्या पत्रांत त्याने नोंदवले आहे की, या देशातील शास्त्रे ज्या भाषेत आहेत त्या संस्कृत भाषेतील कित्येक शब्द आपल्या भाषेतील शब्दांसारखे आहेत. त्याने दिलेली उदाहरणे म्हणजे देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ हे आकडे. इटालियनमध्ये हेच शब्द दीओ, सेर्पे, सेई, सेत्ते, ऑत्तो, नॉवे असे आहेत. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मुळाविषयी आपले प्रसिद्ध विधान केले ते १७८६ मध्ये, म्हणजे सास्सेत्तीनंतर दोनशे वर्षांनी.

या यादीत एक गंमत दडलेली आहे. 'सेत्ते' हा शब्द संस्कृत 'सप्त'पेक्षा प्राकृत 'सत्त'च्या अधिक जवळचा आहे. मूळ लॅटिन शब्द 'सेप्तेम'. त्यातील 'प्त'चा 'त्त' झाला आणि इटालियन 'सेत्ते' तयार झाला. आपल्याकडेही नेमके हेच झाले. 'सप्त'चा 'सत्त' झाला, आणि पुढे मराठीने एक 'त' टाकून आधीचा स्वर दीर्घ केला, तो आपला 'सात'. लॅटिन 'लाक्तेम'चे इटालियनमध्ये 'लात्ते' झाले, तर संस्कृत 'दुग्ध'चे प्राकृतात 'दुद्ध' आणि मराठीत 'दूध'. दोहोंचा अर्थ एकच. हजारो मैल दूर असलेल्या दोन लोकसमूहांच्या जिभांनी कठीण जोडाक्षरे एकाच रीतीने सोपी करून घेतली. भाषाशास्त्राच्या तासाला हा नियम आपण 'समानीकरण' म्हणून शिकतो. इटालियन शिकताना तो डोळ्यांसमोर चालताना दिसतो.

उच्चार

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याला आयतेच भांडवल मिळते. इटालियन 'त' आणि 'द' हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीतील 'टी' व 'डी' त्या कामी येत नाहीत. मराठीत 'च' दोन प्रकारचा आहे, 'चहा'तला आणि 'चुली'तला. 'ज'ही तसाच, 'जेवणा'तला आणि 'जुन्या'तला. इटालियनमध्ये हे चारही उच्चार आहेत. 'चाओ' या नमस्कारवाचक शब्दातील 'च' हा चहाचा, तर 'ग्रात्सिए' म्हणजे 'आभारी आहे' यातील 'त्स' हा चुलीचा 'च'. दुपारच्या जेवणाला 'प्रान्द्झो' म्हणतात, त्यात जुन्याचा 'ज' आहे.

द्वित्त व्यंजनांचेही तेच. 'नॉनो' म्हणजे नववा आणि 'नॉन्नो' म्हणजे आजोबा. हा भेद इंग्रजी कानाला सहजी पकडता येत नाही. पण 'खडा' आणि 'खड्डा' यांत गल्लत करणारा मराठी माणूस कोणी पाहिला आहे काय? एकच सावधगिरी बाळगावी लागते. इटालियनमध्ये ख, घ, थ, ध असे महाप्राण नाहीत. ते ओघात आणू नयेत.

'मला आवडते' आणि भूतकाळ

व्याकरणाकडे वळू. 'आय लाइक ब्रेड' या इंग्रजी वाक्यात 'मी' कर्ता आणि पाव हे कर्म. इटालियनमध्ये मात्र 'मि प्याचे इल पाने' असे म्हणतात. शब्दशः अर्थ, 'मला पाव आवडतो'. पुस्तके अनेक असली की 'मि प्याच्चोनो ई लीब्री', म्हणजे 'मला पुस्तके आवडतात'. 'मी'ची चतुर्थी होते आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते. माझ्या हाती आलेल्या इंग्रजी पुस्तकात हा प्रयोग समजावण्यासाठी दोन पाने खर्ची घातली होती, आणि प्रारंभीच्या विद्यार्थ्याला तो फार अवघड जातो असा इशाराही दिला होता. तो इशारा इंग्रजी भाषिकांसाठी होता. मराठी माणूस हा प्रयोग पाळण्यापासून करीत आला आहे. 'मि सेम्ब्रा', म्हणजे 'मला वाटते', हाही त्याच घरातला.

भूतकाळात तर आश्चर्य वाटावे इतके साम्य आहे. 'सोनो आंदातो' म्हणजे 'मी गेलो आहे', आणि स्त्रीने म्हटले तर 'सोनो आंदाता', म्हणजे 'मी गेले आहे'. दोन्ही भाषांत 'असणे' हे सहायक क्रियापद, दोन्ही भाषांत बोलणाऱ्याचे लिंग क्रियारूपात उमटते. सकर्मक क्रियापदांपाशी आणखी मौज आहे. मराठीत 'मी लेख लिहिला' पण 'मी चिठ्ठी लिहिली'. लिहिणारी तीच, पण रूप कर्माप्रमाणे बदलते. इटालियनमध्ये कर्म सर्वनामरूपाने क्रियापदाच्या आधी आले की असेच होते. चिठ्ठीविषयी बोलताना 'लॉ स्क्रित्ता', म्हणजे 'ती मी लिहिली'. लेखाविषयी 'लॉ स्क्रित्तो', म्हणजे 'तो मी लिहिला'. इंग्रजीतून पाहिले तर हा केवळ पाठ करण्याचा नियम. मराठीतून पाहिले तर ही कर्मणि प्रयोगाची चुलत बहीण.

शिवाय कर्त्याचा उल्लेख न करताही चालते. 'वेंगो दोमानी', म्हणजे 'उद्या येते'. 'मी' हा शब्द कोठेच नाही. क्रियापदाचा शेवटच कोण येणार ते सांगतो.

जेथे मराठी सोबत करीत नाही

याचा अर्थ सारा रस्ता सरळ आहे असे नाही. मराठीत उपपदे नाहीत. इटालियनमध्ये नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे आणि पहिल्या अक्षराप्रमाणे इल, लो, ला, ई, ल्यी, ले अशी ती बदलतात. आपण 'घरात' म्हणतो, ते 'इन काझा' म्हणतात. आपला प्रत्यय मागे, त्यांचे शब्दयोगी अव्यय पुढे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी विसावते, त्यांचे मध्येच येते. 'मी एकोणीस वर्षांची आहे' याला इटालियनमध्ये 'ऑ दिचान्नॉवे आन्नी' म्हणतात. म्हणजे 'माझ्यापाशी एकोणीस वर्षे आहेत', जणू वर्षे गाठीला बांधून ठेवली आहेत! आणि आमच्या निफाड तालुक्यात ज्यांना आपण अनेकवचनी 'द्राक्षे' म्हणतो ती तेथे 'लूवा' या एकवचनी स्त्रीलिंगी नावाने टोपलीत भरतात.

सर्वांत जड जाते ते लिंग. मराठीत तीन, इटालियनमध्ये दोनच. आपले 'घर' नपुंसकलिंगी, त्यांची 'काझा' स्त्रीलिंगी. आपला चंद्र पुरुष, त्यांची 'लूना' स्त्री. आणि नदीला शब्द 'फ्यूमे', तो पुल्लिंगी. सायखेड्यात गोदावरीला गंगा म्हणतात. ती आम्हांला आईच्या ठिकाणी. तिच्या थोरल्या बहिणीला, प्रत्यक्ष गंगेला, इटालियन लोक 'इल गांजे' असे पुल्लिंगी नाव देतात. येथे तर्क चालत नाही. दुसऱ्याच्या घरातील रीत म्हणून ती पाळायची, इतकेच. भाषा शिकण्यातील खरा विनय येथेच लागतो, असे मला वाटते.

दुभाष्याविना

आपल्याकडे इटलीचे विचार आले ते बहुतांशी इंग्रजीच्या हातून. याच नाशिक जिल्ह्यातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले, तेथे त्यांनी मॅझिनीचे लेखन इंग्रजीतून वाचले आणि ते मराठीत आणले. १९०७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी इटालियन शिकवली जाते, आणि खुद्द इटलीत पेरूजा येथे खास परदेशीयांसाठी विद्यापीठ आहे. धडे मोबाइलवरही मिळतात. मार्ग उघडले आहेत. पण समजावून सांगणारी भाषा बहुधा इंग्रजीच राहिली आहे.

दान्ते या महाकवीने लोकभाषेची थोरवी सांगणारा आपला ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, कारण विद्वानांना पटवायचे तर विद्वानांचीच भाषा हवी होती. पण आपले महाकाव्य मात्र त्याने लोकांच्या भाषेत रचले. त्याच्या जन्मानंतर पंचवीस वर्षांनी, १२९० मध्ये, आपल्याकडे नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानेश्वरांनी गीतेकडे जाणारी मराठी वाट बांधली. त्या मानाने एका परक्या भाषेच्या व्याकरणाकडे जाणारी मराठी पायवाट बांधणे काही अशक्य नाही.

पेरूजा ज्या उंब्रिया प्रांतात आहे, त्याच प्रांतात तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे लढताना मरण पावले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये तेथील मोन्तोने गावाने त्यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील मराठी शेतकऱ्यांची मुले त्या मुलखात गेली ती परक्याच्या हुकुमाने आणि हातात बंदूक घेऊन. आपल्याला तेथे जायचे तर शब्द घेऊन जाता येईल.

प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. भाषा मंडळातर्फे आठवड्यातून एक तास मराठीतून परकीय भाषेची ओळख करून द्यावी. मग ती इटालियन असो वा दुसरी. आणि मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे की, इंग्रजी जरूर शिकावी, तिचा उपयोग आहेच. पण ती कच्ची आहे म्हणून बाकीच्या जगाची दारे आपल्याला बंद आहेत असे मानू नये. 'मि प्याचे' हे दोन शब्द उच्चारून पाहावेत. ते आपल्याला आधीपासूनच येत होते.