दिवस वाढले तर काय?

परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी येणारी माणसं खोली शोधताना पहिला प्रश्न विचारतात, भाडं किती? माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी विचारा, दिवस वाढले तर काय?

माझ्या अक्काला टाटा हॉस्पिटलात सहा आठवड्यांचं रेडिएशन आणि सोबत केमो सांगितली होती. एजंटने चालत जाता येईल अशी वन आरके दाखवली. भाडं महिना १८,०००, डिपॉझिट ५०,०००, वर त्याची दलाली. "साहेब, टोकन टाका, दुसरी पार्टी खाली उभी आहे," हे त्याचं पालुपद. भाडं परवडत होतं, म्हणून खोली घेतली. उपचार निम्म्यावर आले आणि अक्काच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. डॉक्टरांनी सगळं थांबवलं, पेशी वर येईपर्यंत वाट पाहायला सांगितलं. असं बऱ्याच रुग्णांचं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. मुक्काम दुसऱ्या महिन्यापलीकडे थोडाच लांबला, पण मालकाने तिसऱ्या महिन्याचं अख्खं भाडं घेतलं. शिवाय रंगकाम आणि साफसफाईच्या नावाखाली डिपॉझिटमधून १२,००० कापले. आजारी माणूस सोबत असताना भांडायची ताकद नसते, आणि समोरच्याला ते नेमकं ठाऊक असतं. मला त्याचा राग अजून आहे.

म्हणून करारात तीन गोष्टी स्वच्छ लिहून घ्या. महिना पूर्ण झाल्यावर वाढीव दिवसांचं भाडं दिवसाच्या हिशेबाने. उपचार लवकर संपले किंवा रुग्णाला गावी न्यावं लागलं, तर किती दिवसांची नोटीस. आणि डिपॉझिटमधून नेमकं काय कापता येईल, बाकी रक्कम कधी परत मिळेल. मालक तोंडी "होऊन जाईल हो" म्हणत असेल, तर त्याला लिहून द्यायलाही हरकत नसावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "दोनच महिने आहेत, कशाला नोंदणी?" असं म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

बजेट मांडताना भाड्यापाशी थांबू नका. डिपॉझिट, दलाली, वीजबिल, गॅस आणि उपचार लांबले तर लागणारं आणखी एका महिन्याचं भाडं, एवढं एका कागदावर मांडून मगच आकडा ठरवा. हॉस्पिटलपासून लांबची स्वस्त खोली रोजच्या टॅक्सीत महाग पडते. रेडिएशन सहसा आठवड्यातून पाच दिवस असतं, आणि पुढेपुढे रुग्णाला लोकलची गर्दी झेपत नाही. उपचार टाटाच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात होणार असतील तर परळला जागा घेऊच नका, आधी तेवढं पक्कं करून घ्या.

खोली बघायला जाल तेव्हा जिना चढून बघा. परळच्या जुन्या इमारतींत लाकडी, उभे जिने असतात. केमोनंतर ते चढताना अक्का प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून उभी राहायची. संडास घरातच हवा, कारण पेशी उतरल्यावर चाळीतला सामायिक संडास म्हणजे जंतुसंसर्गाला निमंत्रण. पाणी किती वाजता येतं, ते शेजारणीला विचारा, एजंटला नको. फोटो पाहून किंवा जागा न बघता टोकन पाठवायचं तर नावच काढू नका.

आणि एजंटकडे जाण्याआधी हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, आजारी मूल असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं, यांची माहिती तिथे मिळते. लगेच जागा मिळेलच असं नाही, पण नाव नोंदवून ठेवा. तोवर भाड्याची खोली एकेका महिन्याने वाढवता येईल अशीच घ्या. तिकडून बोलावणं आलं की उरलेल्या भाड्याच्या भीतीने अडकून पडायला नको.

ताबा घेताना भिंती, नळ, पंखे आणि विजेच्या मीटरचा आकडा मालकासमोर मोबाईलवर टिपून त्यालाही पाठवून ठेवा. पैसे बँकेतूनच द्या, आणि किल्ली परत करताना डिपॉझिटचा हिशेब त्याच्या सहीने घ्या.